पोटातला बुजलेला चर



आपल्या माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचे पाणी खेळते. निचऱ्याचा चर बुजला की चांगले रान कसे चिबडते, हे मी सांगायला नको. काही लेकरांच्या पोटात जन्मतःच असा एक चर बुजलेला असतो.

कमरेच्या वर, पाठीशी, दोन मूत्रपिंडे असतात. त्यांनाच आपण किडनी म्हणतो. ती रक्त गाळून लघवी तयार करतात. लघवी दोन बारीक नळ्यांतून खाली पिशवीत उतरते. मोठ्या माणसाची नळी वितीहून थोडी लांब. तान्ह्या बाळाची केवढीशी असेल!

एखाद्या बाळाची नळी किडनीजवळच अरुंद असते. मग लघवी मागे तुंबते. किडनी फुगते आणि हळूहळू निकामी होऊ लागते. यात आईचा दोष नाही. ग्रहणाचा तर नाहीच नाही.

पुष्कळदा पोर हसते, खेळते, काही दुखत नाही. म्हणून तर हे दुखणे फसवे. गरोदरपणीच्या सोनोग्राफीत बाळाची किडनी फुगलेली दिसली, तर जन्मानंतर पुन्हा तपासणी करायचीच. पोराला वरचेवर थंडीताप येतो, कुशीत कळ येते, लघवी करताना ते रडते, तर नुसती दृष्ट काढून भागायचे नाही.

सूज दिसली की ऑपरेशन, असेही नाही. पुष्कळ मुलांची सूज आपोआप उतरते. पण ते डॉक्टरांनी पाहून सांगायचे.

पूर्वी यासाठी कुशीला लांब चीर देत. १९९३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे काम दुर्बिणीने केल्याचे प्रसिद्ध झाले. आता आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही होते. बायकांचे कुटुंबनियोजनाचे दुर्बिणीचे ऑपरेशन तुम्हांला ठाऊक आहे. तशीच बारीक भोके, पण काम फार नाजूक. पडद्यावर पाहत अरुंद तुकडा कापतात आणि चांगली टोके शिवतात. अगदी तान्ह्या बाळाला काही डॉक्टर अजून लहान चीरच देतात. त्यात वावगे काही नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

शिवलेल्या जागी आधाराला बहुधा एक मऊ नळी आत ठेवतात. तिला स्टेंट म्हणतात. ती काही आठवड्यांनी काढावीच लागते. पोर बरे दिसते, उसाची तोड आलेली असते, आणि माणसे विसरतात! राहून गेलेल्या नळीवर खडे साठतात. वाचवलेली किडनी पुन्हा धोक्यात येते. नळी काढायची तारीख कार्डावर असते. आता तुम्हांला वाचता येते. दवाखान्यातून निघण्याआधी ती वाचा. नसेल, तर तिथल्या तिथे लिहून मागा.