कॅस्पियन अश्वांच्या उपासक : लुईझ फिरूझ



जे प्राणाहून प्रिय ते आपल्याजवळच राहावे, ही मनुष्याची स्वाभाविक इच्छा असते. लुईझ फिरूझ यांच्या जीवनाने मात्र निराळा धडा दिला. एका अश्वजातीसाठी सारे आयुष्य वेचणाऱ्या या महिलेचे स्मरण त्यासाठीच करावयाचे.

1933 साली अमेरिकेत जन्मलेल्या लुईझ यांचे शिक्षण कॉर्नेल विद्यापीठात झाले. नार्सी फिरूझ या इराणी गृहस्थांशी विवाह झाल्यावर इराण हीच त्यांची कर्मभूमी ठरली. तेहरानजवळ त्यांनी घोडेस्वारीचे केंद्र काढले. परंतु मोठे घोडे लहान मुलांना आवरत नसत. कॅस्पियन समुद्राकाठी लहान चणीचे घोडे असल्याचे कानी आले, तेव्हा 1965 साली त्या शोधास निघाल्या. आमोल गावी गाडी ओढणारा एक घोडा त्यांना दिसला. उंची तट्टाहूनही कमी. पण बांधा आणि डौल अस्सल घोड्याचा. त्याचे नाव ठेवले ‘उस्ताद’. हा फारसी शब्द मराठीलाही परका नाही.

सम्राट दरायसच्या, आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या मुद्रेवर रथाला असेच छोटे घोडे जुंपलेले दिसतात. शेकडो वर्षांपूर्वी नामशेष झाल्याचे मानलेले ते प्राचीन वाणच हे असावे, अशी लुईझ यांची खात्री पटली. सबंध किनाऱ्यावर अशी सुमारे 50 जनावरे उरली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी निवडक घोडे-घोड्या जमवून पैदास सुरू केली.

1971 ते 1976 या काळात त्यांनी 26 घोडे युरोपात पाठविले. स्वतः वाढविलेली जनावरे परदेशी धाडताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे 1979 साली इराणमध्ये क्रांती झाली. लुईझ यांना कारावास घडला, कळप जप्त झाला. लिलावात गेलेली कित्येक जनावरे ओझ्याला जुंपली गेली, कित्येक कसायाच्या हाती पडली. वर्षानुवर्षांचे कष्ट मातीमोल झाले.

तरीही त्या खचल्या नाहीत, इराण सोडून गेल्या नाहीत. उरलीसुरली जनावरे शोधून त्यांनी नव्याने कळप उभा केला. 1994 साली पतीचे निधन झाले, तरी तुर्कमेन मुलखातील आपल्या वाडीवर त्यांनी हे व्रत चालू ठेवले. 25 मे 2008 रोजी इराणच्याच भूमीत त्यांनी देह ठेवला.

सारा माल एकाच गोदामात ठेवू नये, हे व्यापारी पेढीवर बसताच शिकतो. परंतु येथे हिशेब नफ्याचा नव्हता, जिवांचा होता. जे हाती राहिले ते हिरावले गेले. जे विश्वासाने दुसऱ्यांच्या स्वाधीन केले, त्याचा वंश ब्रिटनपासून अमेरिकेपर्यंत वाढला. संस्था असो, विद्या असो वा मुका जीव असो, तो अनेकांच्या हाती सोपविल्यानेच टिकतो.

या निष्ठावंत अश्वसेविकेच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!