खचत्या शहरातला ओळंबा

गवंड्याचा ओळंबा आपण सगळ्यांनीच पाहिलाय. मेक्सिको सिटीच्या मुख्य कॅथीड्रलमध्ये असाच एक ओळंबा थेट घुमटातून खाली सोडला आहे. त्याचं टोक पूर्वी कुठं यायचं याच्या खुणा खाली केलेल्या आहेत. इमारत कुठं, किती कलली, हे प्रार्थनेला आलेल्या माणसालाही त्यावरून कळतं.

हे चर्च 1573 साली बांधायला घेतलं आणि पुरं झालं 1813 मध्ये. खाली जुन्या तळ्याची चिखलमाती आणि तिच्यात अ‍ॅझ्टेक देवळांचे अवशेष. त्या देवळांच्या भारानं काही जागची माती आधीच दबलेली, बाकीची मऊ. त्यात शहर जमिनीखालचं पाणी उपसतं, तशी माती आक्रसत जाते. सगळी इमारत सारखी खचली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण 1989 पर्यंत मागची बाजू आणि पश्चिमेचा मनोरा यांच्या पातळीत सुमारे 2.4 मीटरचा फरक पडला होता. चांगल्या उंच माणसाच्या डोक्यावर आणखी हातभर!

आता मोजणीतली मेख बघा. उंची मोजायला न हलणारी एक खूण लागते. इथं दारातला दगड प्रमाण धरावा तर तोही खाली चाललेला! म्हणून शहराच्या कडेच्या, टेकडीलगतच्या पक्क्या जमिनीवरून पातळी आणावी लागते. मला तर यंत्रांपेक्षा या खुणेचंच अप्रूप वाटतं.

1993 ते 1998 मध्ये केलेला उपाय ऐकून धडकीच भरते. जी बाजू वर राहिली, तिच्याखालचीच माती काढायची! आतल्या खांब-कमानींना टेकू दिले, 32 विहिरी खणल्या आणि त्यांच्या तळातून आडव्या, बारीक नळ्या घालून थोडी थोडी माती बाहेर काढली. एकीकडे खांबांच्या पातळ्या घेणं, ओळंबा बघणं चालूच. मोजणीत ढिलाई झाली असती, तर हेच खणणं इमारतीच्या मुळावर आलं असतं.

इमारत पार सरळ करायचा हट्ट कुणी धरला नव्हता. कलणं थोडं मागं आणलं, मग मऊ मातीत मसाला भरून ती घट्ट केली. फरशीचा उतार आजही पायांना जाणवतो. आता उपग्रहांवरचे रडारही या शहराचं खचणं टिपतात. काही वस्त्या वर्षाला 40 सेंटिमीटरहून जास्त खाली जातात. पाण्याचा उपसा थांबलेला नाही, त्यामुळे मोजणीही थांबवता येत नाही.