हाक आधी, सिद्धांत मागून

पंढरीच्या वाटेवरचा वारकरी विठोबाला ‘माउली’ म्हणतो, तेव्हा तो सिद्धांत मांडीत नसतो. पण त्याची श्रद्धा त्या एका हाकेवरून कळते.

ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीही तसेच झाले. ‘थॉमसची कृत्ये’ हा तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला सीरियाक ग्रंथ. प्रेषित थॉमस हिंदुस्थानात गोंडोफरीस राजाकडे आला, अशी त्यात कथा आहे. बायबलात त्याला जागा मिळाली नाही. पण त्यातला थॉमस प्रार्थनेत ख्रिस्ताला प्रभू नि देव म्हणतो. वाटेचा सोबती, गरिबांची आशा, आत्म्याचा वैद्यही म्हणतो. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, हे सूत्र निकेयाच्या धर्मसभेने केले ते इ. स. ३२५ मध्ये. म्हणजे हाक आधी, सूत्र मागून!

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ताला माउली म्हटले, तेही याच वळणाचे.

शिक्षक बंधुभगिनींनो, गोंडोफरीसची नाणी सापडली आहेत. तेवढ्याने सारी कथा खरी ठरत नाही. पण त्या काळची माणसे देवापाशी काय मागत होती, याची साक्ष या प्रार्थना देतात. मुलांना हा फरक जरूर सांगा.