घरच्या पक्षिगृहात कोणाला घ्यावे?



गच्चीच्या एका कोपऱ्याला जाळी लावून आत चार पक्षी सोडावे, अशी हौस आपल्या नागपुरात आता पुष्कळ घरांतून दिसते. ती हौस आम्हांलाही आहे आणि चांगली वीस वर्षांची जुनी आहे. तेव्हा पिंजरा म्हणजेच पाप, असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही. आज बोलावयाचे आहे ते निवडीविषयी. पक्षी घ्यावयाला निघालेला मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो हा की, दिसायला सुंदर कोण? दुसरा विचारतो, बोलतो कोण? आमच्या मते हे दोन्ही प्रश्न मागाहून विचारण्याचे आहेत. आपल्या जाळीत आल्यामुळे कोणत्या पक्ष्याचे कमीतकमी हिरावले जाते, हे आधी पाहावे. निम्मी निवड तेथेच होऊन जाते.

लहानपणची एक गोष्ट सांगतो. आमच्या आजोळी, महालातल्या वाड्यात, एक राघू होता. ओसरीच्या तुळईला त्याचा पितळी पिंजरा टांगलेला असे. डाळ, मिरची, पेरूची फोड, सगळे त्याला वेळेवर मिळे. आजी स्वतः जेवण्यापूर्वी त्याला वाढी. प्रेमात काही उणे नव्हते. एका वर्षी, आम्ही नऊ वर्षांचे असू, पिंजऱ्याचे दार उघडे राहिले आणि राघू अंगणातल्या निंबाकडे उडाला. उडाला म्हणणेही खरे नाही. चार हात गेला आणि खाली आला. दहा-अकरा वर्षांत त्या पंखांना काम कधी पडलेच नव्हते. आम्ही धावेपर्यंत कावळ्यांनी त्याला गाठले होते. आजीने पुन्हा पिंजरा टांगू दिला नाही.

तेव्हा आपला देशी पोपट प्रथमच यादीतून काढावा, आणि त्याच्याबरोबर पहाडी पोपट, मैना, बुलबुल, मुनिया हेही. कायदा तर आहेच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे पक्षी पकडता येत नाहीत; 1990-91 च्या सुमारास भारतातल्या रानपक्ष्यांचा व्यापारही बंद झाला; आणि 2022 साली झालेली दुरुस्ती लागू झाल्यापासून पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. ‘आमच्याकडे तो आजोबांपासून आहे’ हे उत्तर कायद्याला चालत नाही. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. बाजारात लपूनछपून विकले जाणारे पोपटाचे पिल्लू येते कोठून? ढोलीतून. पोपटाचा विणीचा हंगाम साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंतचा, म्हणजे आपण येथे संध्याकाळी वाऱ्याला बसतो त्याच दिवसांपर्यंतचा. ढोली फोडून पिल्ले काढली की त्या वर्षीची वीण गेली, आणि पुष्कळदा ती ढोलीही पुढे निरुपयोगी झाली. लाल मुनियेची हकीकत तर जुनी आहे. तिच्या शास्त्रीय नावातला ‘अमंदावा’ हा शब्द म्हणजे अहमदाबादचा अपभ्रंश होय. तेथून हे पक्षी पिंजरे भरभरून युरोपात जात. गाव नावात राहिले इतका तो व्यापार मोठा होता!

मग उरले कोण? ज्यांच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या ते. यात पहिला मान बजरीचा. आपल्याकडे हिलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. ते चूक आहे. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, बजरी ऑस्ट्रेलियाची. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने 1840 साली ती जिवंत स्थितीत इंग्लंडला नेली. रानातली बजरी हिरवी-पिवळी असते; निळी, पांढरी हे रंग माणसाच्या हातून पैदाशीत पक्के झालेले. कॉकाटील आणि झेब्रा फिंच हेही तिकडचेच. बेंगलीज फिंच तर त्याहून निराळा. आपल्याकडच्या पांढऱ्या कमरेच्या मुनियेच्या वंशातून तो जपानात पिंजऱ्यांतूनच घडला. रानात तो कोठेही नाही, त्यामुळे त्याचे रान हिरावले असे कोणाला म्हणता येणार नाही.

यात नागपूरकरांच्या सोयीचा एक योग आहे. बजरी, कॉकाटील आणि झेब्रा फिंच हे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातले; कोरडा उन्हाळा त्यांच्या रक्तात आहे. कॅनरीचे गाणे कितीही गोड असो, आमच्या मे महिन्यात तिला जपणे जिकिरीचे आहे. पण कोरड्या मुलखातला म्हणजे पत्र्याखाली भाजला तरी चालेल, असे मात्र नव्हे. हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमच्या पहिल्या पक्षिगृहावर टिनाचा पत्रा होता. एका मे महिन्यात आम्ही लग्नाला बाहेरगावी गेलो, पाण्याची भांडी भरून ठेवली आणि निर्धास्त झालो. परत आलो तो बारांपैकी चार बजऱ्या खाली पडलेल्या. पक्ष्याला घाम येत नाही. पंख शरीरापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून तो धापा टाकतो, तोच त्याचा उपाय, आणि पंचेचाळीस अंशांत तापल्या पत्र्याखाली तो पुरत नाही. त्यानंतर पत्रा गेला, वर गवताचा जाड थर आला, पश्चिमेला वाळ्याचा पडदा आला. जागा पूर्वेकडची घ्यावी. कूलरचा झोत मात्र सरळ अंगावर सोडू नये.

आता एकत्र कोण राहील? बजऱ्या थव्याने राहणाऱ्या. एकटी ठेवणे ही शिक्षाच. कॉकाटील अंगाने मोठा पण स्वभावाने गरीब. जागा ऐसपैस असेल तर बजऱ्यांबरोबर नांदतो. फिंचांचे घर वेगळे असलेले बरे, कारण बजरीची चोच त्यांच्या काडीसारख्या पायांवर कधी चालेल याचा नेम नाही. लव्हबर्ड दिसायला लाघवी, पण भांडखोर! त्यांना शेजारी देऊच नये. जाळी उंच करण्यापेक्षा लांब करावी, कारण हे पक्षी आडवे उडतात. बसण्यासाठी गुळगुळीत दांडे नकोत. निंबाच्या, नाहीतर जामाच्या (पुण्याकडचे पाहुणे असतील त्यांच्यासाठी, पेरूच्या) लहानमोठ्या जाडीच्या फांद्या द्याव्या. खाण्याला राळे, बाजरी, थोडी हिरवी कोथिंबीर आणि कोपऱ्यात समुद्रफेन. आणि मडकी टांगण्यापूर्वी विचार करावा. मडके दिसले की बजरी अंडी घालते, आणि दोन वर्षांत सहाच्या तीस होतात. मग त्या वाटायला माणसे शोधत फिरावे लागते. तेही आम्ही केले आहे.

मोठ्या परदेशी पोपटांविषयी थोडेच बोलतो. 2024 च्या नियमांप्रमाणे, सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले जे परदेशी पक्षी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत, ते घरी असल्यास सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. बजरी, कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड या यादीत नाहीत. जावा चिमणी आणि फिशरचा लव्हबर्ड आहेत. आफ्रिकेचा राखी पोपट माणसासारखा बोलतो म्हणून त्याला फार मागणी, आणि त्याच मागणीने रानातला तो इतका घटला की 2016 साली त्याला सर्वांत कडक यादीत घालावे लागले. शिवाय वयाचा प्रश्न आहे. बजरी सात-आठ वर्षे जगते, कॉकाटील पंधरा-वीस. मकाव पन्नाशी गाठतो. साठीच्या गृहस्थाने मकाव घेतला तर तो पक्षी मृत्युपत्रातच लिहावा लागेल.

घरात आधीच एखादा मिठू आहे, त्याचे काय करावे, असे पुष्कळ जण विचारतात. खिडकी उघडून सोडू मात्र नका. आमच्या राघूची गोष्ट आत्ताच ऐकलीत. बजरी-फिंचांनाही सोडणे म्हणजे मारणेच. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. जखमी आणि पकडलेल्या वन्यजीवांवर तेथे उपचार होतात. तेथे विचारावे. पंखांत बळ आहे की नाही, रानात जगण्याजोगा आहे की नाही, हे पाहणारी माणसे तेथे आहेत. जाणे अवघड वाटते, हे आम्हांला ठाऊक आहे. घरातले माणूस पोचवायला निघाल्यासारखे वाटते. तरी जावे.

ज्यांना आज हे ऐकून उद्याच बाजारात जाण्याची घाई झाली असेल, त्यांनी दिवाळीपर्यंत थांबावे. उन्हाळ्याच्या तोंडावर आणलेला पक्षी नवे घर आणि नागपूरचे ऊन दोन्ही एकदम सोसू शकत नाही. तोवर जाळी बांधा, निंबाच्या फांद्या लावा, आणि एक दिवस भर दुपारी दोन वाजता दार लावून स्वतः अर्धा तास आत बसून पाहा.