पत्र्याखालची दुपार



उष्माघात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्यात चक्कर येऊन पडलेला मजूर येतो. तो धोका खराच आहे. पण आज मला घरात बसलेल्यांबद्दल बोलायचंय. मे महिन्यात दुपारी तीन वाजता घरात कोण असतं? अम्मी, दादी आणि पाळण्यातलं मूल.

मे 2010 मध्ये अहमदाबादचा पारा 46.8 अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात 4,462 मृत्यू झाले. एरवीच्या मे महिन्याशी तुलना केल्यावर संशोधकांना दिसलं, की यातले 1,344 जास्तीचे होते. मृत्यूच्या दाखल्यावर 'उष्णतेमुळे' असं क्वचितच लिहिलं जातं. हृदय बंद पडलं, मूत्रपिंड निकामी झालं, असं लिहितात. त्यामुळे एकेक दाखला वाचून काहीच कळत नाही, सगळे एकत्र मोजावे लागतात.

त्याच शहरात पालिकेचं शारदाबेन रुग्णालय आहे. तिथे बाळंतिणींचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. त्या उन्हाळ्यात उष्णतेने आजारी पडलेली नवजात बाळं अतिदक्षता विभागात येऊ लागली. पुढे वॉर्ड खालच्या मजल्यावर नेला, तेव्हा अशी बाळं दाखल होण्याचं प्रमाण 64 टक्क्यांनी घटलं. ती बाळं उन्हात गेलीच नव्हती.

शरीर स्वतःला थंड करतं ते घाम सुकवून. हवा दमट असली की घाम सुकत नाही, नुसता गळतो. म्हणून भिवंडीतले 37 अंश मालेगावच्या 42 इतकेच जीवघेणे ठरू शकतात. उष्णता बाहेर टाकायची तर रक्त त्वचेकडे न्यावं लागतं, त्यासाठी हृदयाला जास्त पळावं लागतं. दादीचं हृदय आधीच थकलेलं, त्यात बीपीची पाणी काढणारी गोळी चालू. रात्रीही पत्र्याची खोली निवत नाही, तेव्हा शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. आणि हवा 40 अंशांच्या वर गेली की पंखा अंग थंड करण्याऐवजी तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. (आमच्याकडे सर्व्हरच्या खोलीचं तापमान जरा वाढलं की रात्री दोन वाजता फोन वाजतो. दादीच्या खोलीसाठी असा फोन कुणाला येतो?)

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन करा, आणि गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नसतो.

2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51.8 अंशांवर गेला. सौदी सरकारने 1,301 मृत्यू जाहीर केले. त्यांतले 83 टक्के परवान्याशिवाय आलेले होते. त्यांना ना तंबू, ना वातानुकूलित बस. मैलोन्‌मैल उन्हात चाललेले. परवानावाले आणि बिनपरवानावाले एकाच उन्हात होते. फरक पडला तो निवाऱ्याने.

आता आपल्या मोहल्ल्यात बघा. सगळ्यात गार जागा कोणती? मशीद. जाड भिंती, उंच छत, गार फरशी, वजूखान्यात पाणी, हल्ली बऱ्याच ठिकाणी एसीसुद्धा. जोहरनंतर असरपर्यंत तिथे काय असतं? एक तर कुलूप, नाही तर पंख्याखाली आडवे झालेले चार-पाच पुरुष. पन्नास पावलांवर पत्र्याखाली त्यांच्याच घरातल्या बाया स्टोव्हपुढे उकडत असतात.

मला हे मान्य नाही. कडक उन्हात जोहर लांबवावी, असं हदीसमध्येच आहे. आजारी माणसाला रोज्यात रुखसत आहे. म्हणजे शरीराची काळजी दीनच्या बाहेरची नाही. पुण्यातल्या एका जोडप्याने 2019 मध्ये स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर 2020 मध्ये खुद्द मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सांगितलं, की स्त्रियांनी नमाजासाठी मशिदीत यायला इस्लाममध्ये मनाई नाही. कमिटीचे बुजुर्ग म्हणतील, ते नमाजापुरतं. ठीक आहे, आज तो वाद नको. दुपारी एक ते पाच एक हॉल किंवा मदरशाची एक खोली उघडा. पडदा हवा तर पडदा लावा, दार वेगळं हवं तर वेगळं ठेवा. माठ भरलेला असू द्या. शेजारच्या गल्लीतली हिंदू आजी आली तर तिलाही बसू द्या.

कमिटीकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. तिथे भाषणाला कुणी विचारत नाही. यंदा मे महिन्यात पंधरा दिवस पाच पत्र्याच्या घरांत आणि मशिदीत थर्मामीटर टांगा. दुपारी तीनला आणि रात्री अकराला आकडा वहीत लिहा. तो घरातल्या बाईनेच लिहिला तर उत्तम, तीच तिथे असते. मग ती वही कमिटीपुढे ठेवा. साधा थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. मी आज दहा आणलेत, ज्यांना हवेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत घेऊन जा.