पैशाचं झाड आणि मामाची बोटं

(पिंपरीतल्या एका वस्तीत, विहाराच्या ओसरीवर, रविवारी पोरांचे वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण.)



मला इथं अर्थशास्त्रावर बोलायला उभं केलंय, हा विनोदच आहे. मी दहावी पास. आमचा आजा त्याला मॅट्रिक म्हणायचा आणि छाती फुगवून सांगायचा. कविता लिहितो, त्याचे कुणी पैसे देत नाही. पोट भरतं ते मुंबईच्या गोदीत, कंत्राटावर. काम काय? तुमच्या चाकणच्या गाड्या जहाजात बांधतो. ड्रायव्हर गाडी जहाजाच्या पोटात आणून लावतो, मी वाकून पट्टा अडकवतो, ताणतो, की पुढची गाडी. फोक्सवॅगननं २००९ साली चाकणला कारखाना उघडला, तिथल्या गाड्या पार मेक्सिकोपर्यंत गेल्या. त्या बांधणारा मी अजून नाशिकच्या पुढं गेलेलो नाही. अर्थशास्त्राशी माझा संबंध एवढाच. पण तो काही थोडा नाही.

आता पोरांचं बोलू.

मागच्या दिवाळीनंतर माझ्या भाचीच्या शाळेत काही लोक आले. इस्त्रीचे कपडे, हातात फायली. पैशाचं शिक्षण द्यायला आले होते म्हणे. प्रत्येक पोराला प्लास्टिकचा एक गल्ला दिला. फळ्यावर दोन रकाने आखले, एक गरजेचा, एक हौसेचा. मग विचारलं, कुणाकुणाचे वडील दारू पितात? हात वर करा. पोरांनी केले वर. पोरं खरं बोलतात. मग सांगितलं की बघा, तो पैसा गल्ल्यात पडला असता तर आज तुमचं स्वतःचं घर असतं.

भाची घरी आली. बाप बारा तास उभा राहून आलेला, जेवायला बसलेला. त्याला म्हणाली, "पप्पा, तुम्ही बचत केली असती तर आपण गरीब राहिलो नसतो ना?" माझा दाजी दारूला शिवत नाही. तो ताटावरनं उठला. काही बोलला नाही.

गल्ल्याशी माझं भांडण नाही. बचत करावी, बँकेत खातं काढावं, सावकाराच्या दारात जाऊ नये, हे आपण आपल्या पोरांना शिकवलंच पाहिजे. रिझर्व बँकेनं पोरांसाठी चित्रांचं पुस्तक काढलंय, त्यात राजू नावाचा पोरगा आहे आणि पैशाचं झाड आहे. चांगलं आहे. पण आपल्या पोराला झाडाच्या आधी जमिनीचा प्रश्न पडतो. झाड लावू कुठं? चाकणला, खेड तालुक्यात कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा पैसे सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मिळाले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात कांदे काढले, पण सातबाऱ्यावर ज्यांचं नाव नव्हतं, ते भरपाईच्या यादीत कुठनं असणार? ते तिथंच, आता कंपनीच्या गेटवर, कंत्राटदाराच्या टेम्पोची वाट बघत उभे असतात. राजूला हे कोण सांगणार?

आणि एक उलटंही सांगितलं पाहिजे, नाहीतर पोरं पैशालाच शत्रू समजतील. महारकीत आमच्या पणज्याला रोकडा मिळत नव्हता. बलुतं मिळायचं, शिळी भाकर मिळायची, मेलेलं ढोर मिळायचं. महार वतन कायद्यानं गेलं ते १९५८ साली. आजा मुंबईला गोदीत आला तो नाण्यासाठी. नाणं वरून टाकलेलं नव्हतं, मोजून दिलेलं होतं. त्यातही टोळीवाला कापून घ्यायचा, पण तरी ते मोजता येत होतं. जे मोजता येतं त्यावर भांडता येतं. भाकरीवर कसं भांडणार?

म्हणून मी पोरांना पहिल्यांदा मोजायला लावतो.

आमच्या वस्तीत एक मावशी वडापावची गाडी लावते. वर्गातली दहाबारा पोरं तिच्याकडं नेली. म्हटलं, मावशीचा हिशेब लिहा. पोरांनी लिहिलं: बटाटे, बेसन, तेल, पाव, गॅस, रद्दी, गाडीचं भाडं, गाडी उचलून नेली तर सोडवायचे पैसे. सगळं वजा जाता, समजा, तीनशे उरले. मावशी म्हणाली, हा माझा नफा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक बारकं पोरगं मागून म्हणालं, "मावशे, पण तुझी हजेरी कुठंय यात?" पहाटे चारला बटाटे उकडायला उठते ती रात्री नऊला गाडी धुते. हजेरी मांडली, तर नफा गेला आणि मावशी तोट्यात निघाली. मावशी हसली, म्हणाली, "मेल्यांनो, कशाला सांगितलंत!"

मग कारखान्याचा हिशेब घेतला. तिथं मालक काही विसरत नाही. लोखंड, वीज, जागा, व्याज. आणि मशिनचा घसारा. घसारा म्हणजे काय, हे मला गोदीतल्या एका जुन्या कारकुनानं शिकवलं होतं. मशिन झिजतं, ते झिजणं दरसाल रुपयांत धरतात आणि खर्चात घालतात, म्हणजे दहा वर्षांनी नवं मशिन घेता येतं. हे मी सांगत होतो तर माझी भाचीच उठली. म्हणाली, "मामा, मशिनच्या झिजण्याचे पैसे धरतात. मग पप्पांचे पाय सुजतात त्याचे?"

दोस्तहो, मला उत्तर आलं नाही. तुम्हाला येत असेल तर वर्गात येऊन सांगा.

मी तिला माझ्या मामाची गोष्ट सांगितली. मामा भोसरीला एका लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर होता. गाडीच्या दाराला लागणारा पत्र्याचा तुकडा कापायचा. सेन्सर बंद करून ठेवलेला, कारण सेन्सर असला की माल कमी निघतो. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. मालकानं मामाचं ईएसआयमध्ये नाव घातलं, कधी? बोटं गेली त्या दिवशी. तोवर मामा तिथं चार वर्षं काम करत होता आणि कुठंच नव्हता.

१९२३ साली या देशात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. तो आता २०२५ मध्ये नव्या संहितेत गेला, तक्ताही बरोबर गेला. तक्त्यात बोटांचे भाव आहेत. अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४. मधलं १२. करंगळी किंवा तिच्या शेजारचं ७. टक्के कशाचे? बोटाचे नव्हेत. माणसाच्या कमवायच्या ताकदीचे. म्हणजे तू मालकाला काय विकतोस, हे एवढं स्पष्ट मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पोरांनी लगेच बेरीज केली, मामाचे १४ आणि १२, २६. तक्ता बघितला तर एका हाताची दोन बोटं, २०. पाची बोटं सुटी मोजली तर ७०, अख्खा पंजा गेला तर ६०. एक पोरगं म्हणालं, "घाऊकात स्वस्त." हसली सगळी. मीही हसलो, साला.

त्याच १९२३ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ छापून आला. आपण त्यांच्या हातात राज्यघटना दिली आणि रुपया काढून घेतला. भाव वाढतात तेव्हा मजुरी मागं रेंगाळते आणि मधलं अंतर कुणाच्या तरी नफ्यात जमा होतं, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. पोरांना हे अवघड जात नाही. वडापाव कितीचा होता, कितीचा झाला, आणि बापाचा हात खर्ची तेवढीच का, एवढं विचारा.

पण नुसता पगार सांगून भागत नाही. कुठलं काम कुणाच्या वाट्याला येतं, हेही अर्थशास्त्रच. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त होता आणि तिथं आपल्या माणसाला मज्जाव होता. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीनं बाकीचे बाटत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. आज धोटा नाही. पण चाकणच्या कंपनीत पहाटे संडास धुणारं कंत्राट बघा आणि वरच्या मजल्यावरची हजेरी बघा. पोरांना आडनावं मोजायला लावा. मी लावली. पुढं काही बोलावं लागलं नाही.

८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात एक बेकायदा कारखाना पेटला. वाढदिवसाच्या केकवर फुलबाजीसारखी मेणबत्ती लावतात ना, ती तिथं बनत होती. मेल्या त्या बहुतेक बायका. ही मेणबत्ती एवढी स्वस्त कशी मिळते, हा प्रश्न दहा वर्षांच्या पोराला विचारता येतो. मी विचारला. त्या दिवशी वर्गात एकाचा वाढदिवस होता, हे मला नंतर कळलं. कदाचित चुकलंच माझं.

बाबासाहेबांकडं मजूर खातं होतं तेव्हा, १९४६ साली, कारखान्याचे आठवड्याचे तास ४८ वर आणले गेले. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ कागदावर तसेच ठेवून. दाजी म्हणाला, मी तर आधीपासनंच बाराला आहे, आता कायदा माझ्यापर्यंत पोचला.

तर पुढच्या रविवारी पोरांना सांगा, घरातल्या एका माणसाची पगाराची चिठ्ठी आणा. पीएफ किती कापला, ईएसआय किती, कंत्राटदाराचं नाव काय, कंपनीचं नाव कुठं आहे का, हे आपण ओळीनं वाचू. ज्यांच्या आया हाऊसकीपिंगला जातात आणि पैसे हातात घेऊन येतात, त्यांच्याकडं चिठ्ठी नसेल. त्यांनी कोरा कागद आणावा. आई किती वाजता गेली, किती वाजता आली, हातात किती पडले, हे पोरांनी स्वतः आईला विचारून लिहायचं. मी शनिवारची रात्रपाळी उरकून पहिल्या गाडीनं येतो. उशीर झाला तर थांबू नका, सुरू करा.