मोतीचे हिसके आणि आमचे वय



आम्ही उभयता सत्तरीला टेकलो आणि आमचा मोती बिघडला. साखळीला हिसके देई, ताटलीजवळ गेले की गुरगुरे. एकदा तर त्याने आम्हांला जिन्यात पाडले. लोक म्हणाले, लांब नेऊन सोडा. खोटे कशाला बोला, आमच्याही मनात तेच आले होते.

कुक्कुर जातकात राजाच्या रथाचे चामडे महालातल्या कुत्र्यांनी खाल्ले. मारण्याचा हुकूम सुटला तो गावच्या कुत्र्यांवर! आमचे तसेच चालले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी तोंड उघडले तर दाढ सडलेली. ती काढल्यावर गुरगुरणे पुष्कळ कमी झाले.

हिसके राहिले. मग गळपट्टा काढून छातीवर कडी असलेला पट्टा घेतला, फेरी लहान केली. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका. ती सूचना असते. मार खाऊन तो सूचना देणे सोडतो आणि थेट चावतो. चावलाच, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, कुत्रा घरचा असला तरी.

आमच्यामागे मोतीला कोण सांभाळील, हे मुलांना विचारले आहे. थोरला हो म्हणाला. सूनबाई अजून काही बोलल्या नाहीत.